फिल्टरवरची पांढरी रेघ

काकाजी, फिल्टर बदलला.

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले, आणि तुम्हाला द्यायची पहिली बातमी मला हीच सुचली. कसा बदलला ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही जिथं असाल तिथून ओरडाल, "कोकण्या, तुह्या बापानं धरला होता का पाना कधी?" आणि मग मला पुढचं काही लिहिता यायचं नाही.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, क्लबच्या दिवाळी स्मरणिकेत वाघाडे मिस्त्रींवर एक पान परबनं लिहावं. जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब, असं सगळं नीट. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. घरी आईला पत्र लिहितानासुद्धा पहिली ओळ तीनदा खोडतो. तरी हुडकेश्वरला तुमच्या घरी जाऊन काकूंना तुमची जन्मतारीख विचारली. त्या म्हणाल्या, "पूर आला होता ना मोठा, त्याच्या दुसऱ्या साली." कुठला पूर, ते त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून जन्म आणि शिक्षण राहू दे. मी आपलं फिल्टरचं लिहितो. त्यात तुम्ही पूर्ण येता, आणि मलाही एक गोष्ट कबूल करायची आहे. साहेब हे छापण्याआधी वाचणार, हे मला माहीत आहे. म्हणून तर इथं लिहितोय. तोंडानं सांगायची हिंमत वर्षभर झाली नाही.

मी नागपूरला आलो तो यंत्राच्या पेटीबरोबर. मुंबईच्या गोदामात मी पेट्या उघडायच्या कामाला होतो. बसून चालवायचं, परदेशी, गवत कापायचं यंत्र या क्लबनं घेतलं आणि गोदामाच्या मालकानं मला पंधरा दिवसांसाठी पाठवलं: "चालवून दाखव आणि परत ये." अठ्ठावीस वर्षांचा होतो. देवगडच्या पलीकडचं गाव सोडून एवढ्या लांब कधी आलो नव्हतो. पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, इथंच राहा, वर्षा-वर्षाचा करार करू. मी राहिलो. तेव्हापासून दर वर्षी करार संपायच्या महिन्यात मला जेवण जात नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत वाकून पाहिलं. मग मला विचारलं, "गिअर कुठं आहे गा?"

"गिअर नाहीत. तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. हा पायाखालचा दांडा दाबला की पुढं, मागं दाबला की मागं."

"अन् तेल रुसलं त?"

"म्हणून तर फिल्टर आहे." मी सीटखालचा, तांब्याएवढा पांढरा डबा दाखवला. "तेल यातून गाळून जातं. वर्षातून एकदा हा बदलायचा. कचरा अडकला की यंत्र जागचं हलत नाही."

तुम्ही डब्यावर टिचकी मारलीत. "म्हणजे चहाची गाळणी. येवढंच ना! मंग लेक्चर कायले देऊन राहिला?"

त्या दिवसापासून तुम्ही त्याला गाळणीच म्हणालात.

तुमची एक खोड साऱ्या क्लबला ठाऊक होती. तुम्ही आवळलेली वस्तू पुन्हा सुटत नसे. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत, तिथल्या वर्कशॉपमध्ये तुमची वीस वर्षं गेली, आणि तिथला हात तुम्ही इथं क्लबच्या नळाला, दाराच्या कडीला, टेनिसच्या जाळीच्या खुंटीला लावलात. पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवायचा आणि त्या पाइपाला लटकायचं. प्रताप नगरच्या एका मेंबरसाहेबांच्या सायकलची घंटी तुम्ही बसवून दिलीत. ती पुढं सायकलबरोबरच विकावी लागली. जेवताना तुमचा डबा उघडायला सुखदेव लागायचा. सुखदेव म्हणजे आपला बैलवाला. यंत्र यायच्या आधी मैदानाचं गवत त्याच्या राजा बैलानं ओढलेल्या रोलरच्या मशिनीनं कापलं जायचं. राजाच्या पायांत चामड्याचे बूट, म्हणजे हिरवळीत खूर रुतायला नकोत. यंत्र आलं आणि राजा पेन्शनीत गेला, तरी सकाळी बूट घातल्याशिवाय तो गोठ्याबाहेर येत नसे.

फिल्टर बदलायचा दिवस तुम्ही ठरवलात खंडेनवमीचा. यंत्र धुऊन पुसून पूजेला काढायचंच असतं, तर गाळणीही नवी असू दे, म्हणालात. तुम्ही नवा डबा बसवायचात, मग हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि मग पांढऱ्या रंगाच्या डबीत बारीक ब्रश बुडवून डब्यापासून वरच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायचात. आमच्याकडे नांगराला, होडीला पूजेत काय काय लावतात. मला वाटलं इथं नागपूरकडे यंत्राला पांढरी रेघ काढायची रीत असेल. नमस्कार करून मी त्या रेघेला हातही लावायचो. हे लक्षात ठेवा काकाजी. मी त्या रेघेला देवाचं समजत होतो.

पहिल्या खंडेनवमीला तुम्ही बसवलेला फिल्टर दुसऱ्या खंडेनवमीला निघेना.

आधी तुम्ही हातानं पाहिलं. मग कमरेचा पट्टा गुंडाळून ओढलात; पट्टा तुटला आणि दिवसभर एका हातानं पँट धरून तुम्ही मला शिव्या घातल्यात. मग साखळी लावली. डबा चेपला, पण हलला नाही. मग सुखदेव बोलला, "राजाले लावू का?"

मी नको म्हणालो होतो. हे एकदा नोंदवून ठेवतो, कारण तुम्ही सगळ्यांना उलटं सांगायचात.

बेत साधा होता. कासऱ्याचे तीन वेढे डब्याला, सुटायच्या दिशेनं. राजा ओढेल, डबा गरकन फिरेल. यंत्र जागचं हलू नये म्हणून वजन पाहिजे, तर तुम्ही सीटवर बसलात, धुतलेली टोपी घालून, कारण पूजा व्हायची होती. पण कासऱ्याची गाठ तुम्ही मारली होतीत. तुमची गाठ! ती सरकणार कुठून? आणि दुसरी चूक माझी. यंत्र बंद असताना ढकलायचं असेल तर मागची एक कळ उघडावी लागते, म्हणजे चाकं मोकळी होतात. शेडमधून यंत्र ढकलून आणताना ती मी उघडली होती आणि बंद करायला विसरलो होतो.

"चल राजा!"

डबा काही फिरला नाही. यंत्र निघालं. राजाला आठ वर्षांची एकच सवय: मागं वजन लागलं की मैदानाचा पूर्ण फेरा घ्यायचा आणि कडुनिंबाखाली, पाण्याच्या टाक्याशीच थांबायचं. त्यानं तेच केलं. बूट वाजवत, शांतपणे. पाठीमागं उलटं ओढलं जाणारं यंत्र, त्यावर पूजेआधीच अडकवून ठेवलेली झेंडूची माळ, आणि वर तुम्ही, तोंड मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. व्हरांड्यात साहेब चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. फिरायला आलेल्या मेंबर बायका बाजूला झाल्या, आणि त्यांतल्या एकीनं चक्क हात जोडले.

सुखदेव धावत धावत ओरडत होता, "काकाजी, उडी मारा ना!"

"कायले मारू? थांबव ना तुह्या बैलाले!"

"तो पाण्याशीच थांबते!"

"मंग चालू दे. येवढ्यासाठी काय उडी मारू माणसानं!"

पूर्ण फेरा झाला. कडुनिंबाखाली राजा थांबला, पाण्याला तोंड लावलं. मी धापा टाकत पोचलो. मला वाटलं आज माझा करार संपला. तुम्ही खाली उतरलात, वाकून डबा पाहिलात आणि तुमचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"पाह्य! बैलानं साऱ्या मैदानात फिरवलं, तरी सुटला का? याले म्हणते आवळणं!"

शेवटी डब्याच्या पोटातून स्क्रू-ड्रायव्हर ठोकून फिरवायला गेलो तर तो कागदासारखा फाटला, आणि काठाची उरलेली कडी तुम्ही छिन्नीनं टकटक करत दुपारपर्यंत काढलीत. नवा फिल्टर हातात घेतलात तेव्हा मी खिशातून यंत्राचं पुस्तक काढलं. इंग्रजी आपल्या दोघांनाही येत नव्हतं, पण त्यात चित्र होतं: एक हाताचा पंजा, डबा धरलेला, आणि फिरवायची बाणाची खूण, पाऊण वळसा. शेजारी, डब्याच्या रबरी कडीवर तेलाचं बोट फिरवणारा आणखी एक पंजा.

"काकाजी, हातानंच लावायचा आहे. पाना कुठं दाखवलाय का? आणि रबराला तेल. कोरडं रबर चिकटून बसतं."

तुम्ही पुस्तक लांब धरून, जवळ धरून पाहिलंत. "चित्र काढणाऱ्याले पाना काढता येत नसन."

"हात काढता येतो आणि पाना येत नाही?"

"हात सोपा असते. पाच बोटं काढली, झालं."

तुम्ही पाइप चढवलात. लटकलात. रेघ ओढलीत.

पुढचं वर्षभर हे भांडण चालू राहिलं. चहाला, जेवणाला, यंत्राखाली पाठीवर झोपून. मी म्हणायचो, हाताचा पंजा. तुम्ही म्हणायचात, "गवत कापणाऱ्या देशात लोकाइचे हात मोठे असतात." एकदा तर तुम्ही मेंबरांच्या मुलाला पकडून त्याच्याकडून ते इंग्रजी वाचून घेतलंत. तो म्हणाला, "हातानं घट्ट, असं लिहिलंय." तुम्ही त्याला म्हणालात, "बेटा, अजून एक-दोन वर्ग शिक."

मग आली गेल्या वर्षीची खंडेनवमी, आणि त्यानंतरची ती गोष्ट.

त्या वेळचा फिल्टर छिन्नीनंच निघाला. नवा तुम्ही पुन्हा पाइपानं लावलात. साहेबांनी मला आधीच ऐकवलं होतं, "परब, हे यंत्र असं दर वर्षी दिवस दिवस उभं राहणार असेल तर आपला राजा काय वाईट होता? मग तुम्हाला तरी ठेवून काय करू?" पूजेच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तुम्ही आपट्याची पानं घेऊन सावनेरला गेलात. मी एकटा शेडमध्ये गेलो. साखळी लावली, यंत्राला पाय टेकवून सगळा जोर लावला आणि फिल्टर अर्धा वळसा ढिला केला. म्हटलं, पुढच्या वर्षी सोपा निघेल. हातानं घट्ट म्हणजे एवढंच असेल, असा अंदाज केला. अंदाज! यंत्राचं शिक्षण घेतलेला माणूस मी, गोदामात पेट्या उघडून.

आठवड्यानं, रविवारच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, यंत्र खेळपट्टीपासून दहा हातांवर उभं राहिलं. इंजिन चालू, चाकं ढिम्म. मागं वळून पाहिलं तर हिरवळीवर तेलाचा काळा पट्टा, सबंध मैदानभर. (ते गवत जळलं आणि उन्हाळा संपेपर्यंत पिवळी वाट तिथं दिसत राहिली. मेंबर लोक विचारायचे, इथं पायवाट कधी झाली?) साहेब आले.

तुम्ही यंत्राखाली सरकलात. बराच वेळ आतच होतात. मग हात बाहेर काढून म्हणालात, "रॉकेल दे. अन् फडकं." दिलं. आत तुम्ही काहीतरी घासून पुसत होतात. मला वाटलं तेल पुसताय. बाहेर आलात, उभे राहिलात, आणि साहेबांना म्हणालात,

"साहेब, गाळणी मी लावली होती. मीच ढिली ठेवली."

साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना. "वाघाडे? तुम्ही? ढिली?"

"वय झालं जी."

पुन्हा असं व्हायला नको, एवढं म्हणून साहेब गेले. मी तिथंच उभा होतो. "मी केलं" हे दोन शब्द. जिभेवर आलेही होते. गिळले.

तुम्ही मला म्हणालात, "जाय, चहा घेऊन ये दोन." मी चहा घेऊन आलो तोवर नवा फिल्टर बसला होता, त्यावर पांढरी रेघ ओढून झाली होती आणि तुम्ही कडुनिंबाखाली बसला होतात. बशीत चहा ओतत तुम्ही मला खाणीतली एक गोष्ट सांगितलीत. विचारलं नव्हतं मी. एक नट तुम्ही हातानंच फिरवून ठेवला होता, चहा पिऊन येतो आणि आवळतो म्हणून. आल्यावर विसरलात. पट्टा निसटला आणि तुमच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. चौकशी झाली, आणि दोष दुसऱ्याच एका मिस्त्रीवर गेला.

"मी उभा होतो तिथंच," तुम्ही म्हणालात. "बोललो नाही. त्याले घरी पाठवलं." मग बशी पुसून म्हणालात, "चहात साखर कमी आहे."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस, आठवण निघाली. म्हणून इतकं आवळतात तर, एवढं कळलं. तुम्ही ती गोष्ट मला का सांगून राहिला होतात, हे कळलं नाही. तुम्ही थोडा वेळ वाटही पाहिलीत, काकाजी. आता आठवतं. मी काय केलं? मी म्हणालो, "उद्यापासून साखर जास्त सांगतो."

परवा काकूंकडे गेलो होतो. त्यांनी मला जेवायला बसवलं. लोणचं वाढायला बरणी काढली आणि ती उघडायला बसल्या, नेहमीप्रमाणे, लाटणं आपटून. मी बरणी हातात घेतली आणि पाहिलं तर झाकणापासून बरणीच्या काचेपर्यंत एक पांढरी रेघ.

"काकू, लोणच्याचीपण पूजा करता का तुमच्याकडे?"

"कायची पूजा! याइची खाणीतली खोड. नट आवळला की त्याच्यावरून रेघ मारायची. मंग कोणी फिरवला की रेघेचे दोन तुकडे होतात, समजते. डॉक्टरनं याइचं मीठ बंद केलं तं मी बरणी लपवली. मंग मीच चोरून खाते म्हणे, अन् बरणीले रेघ मारून ठेवली या माणसानं!" आणि त्या हसता हसता रडायला लागल्या.

मी बरणी खाली ठेवली.

म्हणजे त्या दिवशी यंत्राखाली तुम्हाला रेघेचे दोन तुकडे दिसले होते. एक डब्यावर, एक वरच्या लोखंडावर, अर्ध्या वळशाच्या अंतरानं. माझ्या हातानं सही केल्यासारखे. तुम्ही तेल पुसलंच नव्हतं. साहेब वाकून पाहायच्या आत तुम्ही रेघ पुसलीत, आणि मग उभं राहून, खाणीतल्या त्या नटानंतर एकही वस्तू ढिली न ठेवलेल्या माणसानं, साऱ्या मैदानासमोर सांगितलंत की मी ढिली ठेवली. माझा करार राहिला. वर्षभर मी समजत होतो की तुम्हाला ठाऊक नाही. वर्षभर तुम्ही मला भांडू दिलंत.

काल खंडेनवमी. मी पहाटेपासून तयारी केली. साखळी, छिन्नी, हातोडी, दोन पट्टे. सुखदेवला सांगून ठेवलं. राजा बूट घालून उभाच होता. रेघ पाहिली: एकसंध, कुठं तुटलेली नाही. म्हणजे तुमच्यानंतर कुणी हात लावलेला नाही. यंत्राखाली सरकलो, देवाचं नाव घेतलं, दोन्ही हातांनी डबा धरला आणि सगळा जोर लावला.

फिरला. नुसता हातानं. इतका सहज की माझं कोपर दणकन लोखंडावर आपटलं आणि अर्धा लिटर तेल माझ्या तोंडावर आलं. सुखदेव म्हणाला, "काय झालं बे?" मी तेल थुंकत आतच पडून राहिलो. डबा पालथा करून पाहिला. रबरावर बोट फिरवलं. मऊ. तेल लावलेलं. चित्रातल्यासारखं.

चहा आणायला मला पाठवलंत ते यासाठी. तुम्ही हरलेलं मी पाहू नये म्हणून.

एक नट हातानंच फिरवून ठेवला म्हणून त्यानंतर जन्मभर पाइपाला लटकलेला माणूस. आणि हा एक तुम्ही हातानं लावलात, कारण मी म्हणत होतो. वर्षभर गुपचूप येऊन वाकून बघतही असाल, रेघ जागेवर आहे का. बघतच असाल. काम सोडून शेडकडे मारायचात ती फेरी मला आळस वाटायची.

साहेब, तो फिल्टर मी ढिला केला होता. वाघाडे मिस्त्रींनी नाही. स्मरणिकेत एक पान दिलंय, त्यात एवढं एक वाक्य तरी खरं छापून यावं. कराराचं तुम्ही ठरवा.

काकाजी, नवा फिल्टर मी असा लावला. रबराला तेल. हातानं घट्ट. पाऊण वळसा. पुस्तकाप्रमाणे. मग उठलो, हात पुसले, आणि पुन्हा खाली गेलो. तुमचा पाना घेतला. पाइप नाही, नुसता पाना, आणि तुमच्या नावानं एवढंसं, अर्धा इंच, आणखी आवळलं. मग हळद, कुंकू, माळ. ब्रश तुमचाच होता, रंग थोडा घट्ट झालाय. रेघ वाकडी आली. तशीच ठेवली.

पुढच्या वर्षी निघाला नाही तर दोष तुमचा. राजाला सांगून ठेवलंय.